दुखणं दहापैकी आठ, पण गुंगी किती?

रात्रपाळी

मागे एका धाग्यावर पाठोपाठ दोन प्रतिसाद आले होते. एकात, "ऑपरेशननंतर माणूस कळवळत असतो आणि सिस्टर म्हणतात थांबा जरा." त्याच्या लगेच खाली, "ते मॉर्फिन-बिर्फिन नकोच, माणूस झोपेतच जातो." दोन्हींना भरभरून +१, आणि बहुतेक त्याच लोकांचे. मला विचाराल तर दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. त्यावर लिहायचं राहून जात होतं, म्हणून हा धागा. मी नर्सिंग शिकवते, त्याआधी सर्जिकल वॉर्डात काम केलंय. इथे संशोधनाबद्दल बोलू. हे वाचून कोणी डोस ठरवू नका.

आधी पहिली तक्रार. १९७३ साली न्यूयॉर्कमधल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना वॉर्डातून बोलावणी यायची: अमका पेशंट फार कटकट करतो, सारखं इंजेक्शन मागतो, जरा बघता का. ते जाऊन बघायचे तर मनाचं विशेष काही नसायचं, दुखणंच नीट थांबवलेलं नसायचं. मग त्यांनी ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं) चालू असलेले ३७ पेशंट पद्धतशीर तपासले. औषध चालू असूनही ३२ टक्के लोकांना तीव्र त्रास होत होता, आणखी ४१ टक्क्यांना मध्यम. डॉक्टरांनी डोस कमी लिहिलेला, आणि नर्सनी लिहिलेल्यापेक्षाही कमी दिलेला. व्यसन लागेल ही भीती वाजवीपेक्षा फार मोठी होती.

त्याच्या पाच वर्षं आधी, १९६८ मध्ये, मार्गो मॅकॅफरी या नर्सने लिहून ठेवलं होतं की दुखणं म्हणजे ते सोसणारा माणूस जे सांगेल ते, आणि तो सांगेल तेव्हा. आज वाचताना त्यात काय मोठंसं, असं वाटतं. वॉर्डात मात्र उलटा न्याय चालतो: चेहऱ्यावर दिसत नाही म्हणजे दुखत नाही, मोबाईल बघत पडलाय म्हणजे दुखत नाही, घड्याळ बघून मागतोय म्हणजे सवय लागलीय. घड्याळ तो बघणारच ना, आपणच त्याला "सहा तासांनी" असं सांगून ठेवलेलं असतं.

मग पुढे दुसरं टोक गाठलं गेलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात अमेरिकन पेन सोसायटीने दुखण्याला 'पाचवं व्हायटल साइन' (आधीची चार म्हणजे नाडी, बीपी, श्वास, ताप) म्हणायचा आग्रह धरला. २००१ पासून जॉइंट कमिशनने, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, प्रत्येक पेशंटचं दुखणं विचारून नोंदवणं मानकांत घातलं. हेतू चांगलाच होता. पण बऱ्याच ठिकाणी त्याचा तक्ता झाला: दुखण्याचा दहापैकी आकडा चार ते सहा आला तर इतकं औषध, सातच्या वर गेला तर इतकं. एका कॅन्सर हॉस्पिटलने असा तक्ता लागू करण्याआधीचा आणि नंतरचा हिशेब २००५ मध्ये मांडला. पेशंट जास्त समाधानी होते. आणि ओपिऑइडमुळे अति गुंगी येण्याच्या घटना दर लाख रुग्णदिवसांमागे ११ वरून २४.५ वर गेल्या होत्या.

त्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. ज्यांना त्रास झाला त्यातल्या बहुतेकांची शुद्ध आधीच मंदावत चालल्याची नोंद केस पेपरवर होती. म्हणजे कोणीतरी बघितलं होतं, लिहिलंही होतं. पण डोस आकड्यावर ठरत होता आणि ती नोंद वेगळ्या रकान्यात पडून होती.

तर मूळ एकच ते हे. दुखण्याचा आकडा एकटा वाचला की एक तर माणूस दुखत पडतो किंवा गुंगीत जातो. आकड्याशेजारी गुंगीची पातळी लिहायची, आणि पुढचं औषध दोन्ही मिळून ठरवायचं. यासाठी ख्रिस पसेरो या नर्सने केलेली एक साधी श्रेणी आहे, पसेरो स्केल म्हणतात. झोपलाय पण सहज जागा होतो: 'एस'. टक्क जागा: १. थोडा पेंगुळलेला, पण हाक मारल्यावर नीट बोलतो: २. बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून डोळे मिटतो: ३. हलवूनही जेमतेम प्रतिसाद किंवा तोही नाही: ४. 'एस', १ आणि २ चालतील. तीनला पुढचा डोस थांबतो, मग तो माणूस दुखणं दहापैकी दहा सांगत असला तरी. डॉक्टरांना कळवायचं आणि तो पुन्हा दोनवर किंवा त्याखाली येईपर्यंत नजरेआड होऊ द्यायचा नाही. चारला सगळी धावपळ.

गुंगी श्वासाच्या आधी येते, म्हणून हे उपयोगी. श्वास मंदावल्याचं मॉनिटरवर दिसेपर्यंत थांबलो तर हातात फार वेळ उरत नाही.

---

वाटसरू

चांगला धागा. पण मला थोडं वैतागून लिहावंसं वाटतंय. आईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. कुठे ते सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. रात्रभर ती तोंडात पदर कोंबून पडून होती. मी काउंटरवर तीनदा गेलो. उत्तर ठरलेलं: "आत्ताच दिलंय, एसओएस आहे, इतक्यात नाही देता येत." सकाळी राउंडला डॉक्टर आले, "काय, कसं वाटतंय?" आई म्हणाली, "बरं आहे." झालं. चार्टवर काय लिहिलं असेल ते देव जाणे.

आता तुम्ही म्हणताय की आकडा विचारायची पद्धत आहे. आम्हाला तर कोणी विचारलाच नाही. आणि विचारला असता तरी आईने दोन-तीनच सांगितला असता. अशा माणसांचं काय करायचं?

---

रात्रपाळी

वाटसरू, वैताग साहजिक आहे. तुमच्या प्रतिसादात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या सुट्या करते.

एक, एसओएस. लागेल तेव्हा द्या, अशी ऑर्डर. मोठ्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखणार हे ठरलेलंच असतं, तेव्हा 'लागेल तेव्हा'चा अर्थ होतो 'दुखणं हाताबाहेर गेल्यावर'. पेशंट मागणार, नर्स दुसऱ्या पलंगाशी असणार, मग चावी, मग कपाट, मग रजिस्टर, मग औषध लागू पडायचा वेळ. म्हणून हल्ली शिकवतात ते असं की पॅरासिटामॉलसारखी औषधं काही आडकाठी नसेल तर ठरलेल्या वेळी द्यायचीच, पेशंटने मागो न मागो, आणि ओपिऑइड त्याच्या वर लागेल तसं. वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधं एकत्र वापरली की प्रत्येकाचं प्रमाण कमी राहतं. (पॅरासिटामॉलची मोठ्यांसाठीची नेहमीची दिवसाची कमाल ४ ग्रॅम, वजन कमी किंवा लिव्हर नाजूक असेल तर त्याहून कमी. आणि ते जोडगोळ्यांमध्ये लपलेलं असतं, त्यामुळे नर्सने बेरीज करायची असते.)

दोन, "बरं आहे". तुमच्या आई पडून होत्या तेव्हा त्यांना विचारलं असतं तर कदाचित दोनच आला असता आणि तो खोटाही नसता. हलायचं नाही, खोल श्वास घ्यायचा नाही, खोकला आला तर गिळायचा, अशा माणसाला पडल्या पडल्या कमीच दुखतं. म्हणून विचारायची पद्धत अशी: "आता पोटावर ही उशी धरा, एक मोठा श्वास घ्या आणि खोकून दाखवा. आता सांगा." चेहरा बघायचा. आठ येतो. दोन्ही आकडे लिहायचे, पडून २, खोकताना ८. पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर कामाचा आकडा दुसरा. खोकता आलं नाही तर कफ साठतो, न्यूमोनिया होतो; उठवलं नाही तर पायात गुठळ्या होतात. दुखणं थांबवणं हे लाड करणं नव्हे, ते पेशंटच्या सुरक्षेचंच काम आहे.

तीन, न सांगणारी माणसं. "दुखतंय का?" विचारलं की ती "नाही" म्हणतात. त्याऐवजी "कुशीवर वळता येतंय का? रात्री कितीदा जाग आली? संडासापर्यंत जाववेल का?" असं विचारायचं. नातेवाइकांनीही सिस्टरना सांगताना "खूप दुखतंय हो" यापेक्षा "दुखण्यामुळे खोकता येत नाहीये, अजून खुर्चीत बसवलेलं नाही" असं सांगावं. या वाक्यावर डॉक्टरला फोन करणं सोपं जातं. हे असं असायला नको, पण आहे.

---

आकडेमोड

लेख उत्तम, पण नुसतं +१ न टाकता थोडं खडूस बोलतो.

लाखाला ११ वरून २४.५ म्हणजे दुप्पट हे खरं, पण दोन्ही आकडे लहान आहेत. शिवाय 'आधी आणि नंतर' पद्धतीचा अभ्यास. मधल्या काळात पेशंट बदलले असतील, नोंदणी सुधारली असेल. तक्ता लागू झाल्यावर लोक जास्त बारकाईने लिहायला लागले तर घटना वाढल्यासारख्या दिसणारच. यावरून 'तक्त्याने माणसं गुंगवली' असं म्हणणं जरा धाडसाचं.

असाच आक्षेप नर्सिंगमधल्या त्या प्रसिद्ध अभ्यासावर घेता येतो. लिंडा एकेन यांचा २००२ चा, पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं, सव्वादोन लाखांहून जास्त ऑपरेशनचे पेशंट: एका नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. लोक हे धर्मग्रंथासारखं सांगतात. पण जिथे नर्स जास्त ठेवल्या जातात तिथे बाकी सगळंच बरं असू शकतं की. यंत्रं, डॉक्टर, पैसा. हेही तपासलंय का कोणी?

---

जुनी_इन्चार्ज

आकडेमोड, एकटीच्या जिवावर पूर्ण वॉर्डाची रात्र काढून बघा, मग ७ टक्के कुठून येतात ते कळेल :)

---

रात्रपाळी

इन्चार्ज मॅडम, त्यांचा आक्षेप रास्त आहे, उत्तर द्यायला हवं.

२००५ च्या अभ्यासाबद्दल मान्य. त्यावर एकट्यावर मी काही उभं करणार नाही. पण त्याच दिशेने दुसरीकडून पुरावा आला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या भूलशास्त्रातल्या नुकसानभरपाईच्या दाव्यांची छाननी प्रसिद्ध झाली. ओपिऑइडमुळे श्वास मंदावल्याचे ९२ दावे. त्यातले ८८ टक्के प्रसंग ऑपरेशननंतरच्या पहिल्या २४ तासांतले. ६२ टक्के पेशंट त्याआधी पेंगत असल्याचं नोंदवलेलं. आणि तज्ज्ञांच्या मते ९७ टक्के प्रसंग नीट देखरेखीने टळण्यासारखे. दावे म्हणजे सगळे पेशंट नव्हेत, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते. तरी खूण तीच: आधी पेंग, मग श्वास.

नर्सच्या संख्येबद्दल: युरोपातल्या नऊ देशांमधल्या ३०० हॉस्पिटलांचा २०१४ चा अभ्यासही ७ टक्क्यांवरच आला, पण तोही एका वेळचाच फोटो, तुमचा आक्षेप तिथेही लागू. तो दूर करणारं काम ऑस्ट्रेलियात झालं. क्वीन्सलँडने २०१६ मध्ये काही सरकारी हॉस्पिटलांना किमान प्रमाण बांधून दिलं: दिवसा एका नर्समागे सरासरी चार पेशंट, रात्री सात. २७ हॉस्पिटलांत नियम लागू, २८ तुलनेसाठी, आधी मोजमाप आणि दोन वर्षांनी पुन्हा. निकाल २०२१ मध्ये आला. जिथे नर्समागचे पेशंट कमी झाले तिथे मृत्यू, पुन्हा भरती आणि मुक्कामाचे दिवस यांत फायदा दिसला. आणि वाचलेला खर्च जादा नर्सच्या पगाराच्या दुपटीहून जास्त निघाला. चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली नव्हती हे खरं, पण 'श्रीमंत हॉस्पिटलं मुळातच बरी' हे स्पष्टीकरण तिथे चालत नाही.

---

आकडेमोड

हा क्वीन्सलँडचा वाचला नव्हता. वाचतो. दाव्यांच्या अभ्यासाबद्दल तुम्ही आधीच बोलून टाकलंत त्यामुळे माझी मजा गेली.

---

गॅसवाला

मी भूल देणारा डॉक्टर. रात्रपाळी ताईंशी बहुतांश सहमत. दोन भर घालतो आणि एक गोष्ट आमच्या बाजूच्या पदरात टाकतो.

भर पहिली, ऑक्सिजन. नाकाला नळी लावलेली आहे, बोटावरचा मॉनिटर ९७ दाखवतोय, सगळे निश्चिंत. पण तो आकडा रक्तात ऑक्सिजन किती हे सांगतो, माणूस श्वास पुरेसा घेतोय का हे सांगत नाही. वरून ऑक्सिजन मिळत असेल तर श्वास मिनिटाला सात-आठवर आला तरी ९७ बराच वेळ टिकू शकतो, आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढत राहतो. त्यानेच गुंगी आणखी वाढते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, कॅप्नोग्राफ, हे आधी पकडतं. अमेरिका, युरोप आणि आशियातल्या १६ ठिकाणी साध्या वॉर्डातल्या १३३५ पेशंटना अशी सतत देखरेख लावली, २०२० चा अभ्यास. त्यातल्या ४६ टक्क्यांमध्ये श्वास मंदावल्याचा निदान एक तरी प्रसंग सापडला. बहुतेकांना काही झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण चार-चार तासांनी बघणाऱ्याला यातलं किती दिसणार?

भर दुसरी, बटणवाला पंप. पीसीए. पेशंटने बटण दाबलं की ठरलेला छोटा डोस जातो, मग काही मिनिटं पंप कुलूपबंद, दाबलं तरी काही जात नाही. यातली खरी सुरक्षा यंत्रात नाही. ती यात आहे की गुंगीत गेलेला माणूस बटण दाबू शकत नाही. आता शेजारी बसलेली बायको किंवा मुलगा बघतो की हे झोपेत कण्हतायत, आणि मायेपोटी बटण दाबतो. झोपलेल्या माणसाला डोस गेला. ती एकमेव कडी तुटली. २००४ मध्ये जॉइंट कमिशनला यावर खास इशारा काढावा लागला होता. बटण फक्त पेशंटचं, ही सूचना नातेवाइकांना पंप जोडतानाच द्यायची, नंतर नाही.

आता आमच्या पदरात. ताई, तुम्ही सगळं नर्सच्या नजरेवर टाकलंत. 'दुखणं ७ च्या वर तर अमुक' ही ऑर्डर लिहितो कोण? आम्ही. वय ८०, किडनी अर्धवट, रात्री घोरणारा, आणि ऑर्डर मात्र तरण्याताठ्या माणसासारखीच. मॉर्फिनचे उरलेले अंश किडनीतून बाहेर पडतात, किडनी मंद तर ते साठतात. हे नर्सने पकडावं अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे आमचं काम तिच्या शिफ्टवर ढकलणं.

आणि नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडवरचा उतारा, दिल्यावर पेशंट टुणकन जागा झाला म्हणजे संपलं, असं समजून वॉर्डात सोडून जाणारे ज्युनिअर मी बघितलेत. नॅलॉक्सोनचा असर बऱ्याचदा तासाभरात ओसरतो, मॉर्फिन आत तसंच असतं. माणूस पुन्हा गुंगीत जाऊ शकतो.

---

ब्रदर_आयसीयू

सर, शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा +१.

इथे सगळं 'सांगणाऱ्या' पेशंटबद्दल चाललंय. आमच्याकडे निम्म्यांच्या घशात नळी. दहापैकी किती, हे कोणाला विचारू? वर्षानुवर्षं आमच्यात चालायचं ते असं: बीपी आणि नाडी वाढली म्हणजे दुखतंय, नाही वाढली तर नाही. हे बेभरवशाचं आहे. नाडी तापाने वाढते, औषधाने दबते, पाणी कमी पडलं तरी वाढते. २०१८ च्या आयसीयू मार्गदर्शक सूचनांनीही म्हटलंय की व्हायटल्सवरून दुखणं ठरवू नका, फार तर नीट तपासायची सूचना म्हणून घ्या.

म्हणून वागणुकीवरून मोजायच्या श्रेण्या. २००६ ची सीपीओटी आम्ही वापरतो, ती सेलिन जेलिनास या नर्स-संशोधकाची. चेहरा, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा, व्हेंटिलेटरशी जमतंय की झगडतोय. प्रत्येकाला ० ते २, एकूण ८. हे करायचं कधी? कुशीवर वळवताना आणि सक्शन करताना, म्हणजे नळीतला कफ ओढून काढताना. भुवया आवळल्या जातात, डोळे घट्ट मिटतात, हात नळीकडे जायला बघतो. दंड धरून कोपर हळूच वाकवून बघायचा, सैल आहे की अडवतोय. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारली तेव्हाही बजावलंय की बोलता येत नाही म्हणून दुखत नसेल असं धरू नका.

एक गोष्ट जाताजाता. स्नायू पूर्ण शिथिल करणारं औषध चालू असेल तर यातली कुठलीच श्रेणी चालत नाही, कारण चेहराच हलत नाही. तिथे दुखतंय असं गृहीत धरूनच औषध चालू ठेवायचं. याला पर्याय नाही.

---

जुनी_इन्चार्ज

सगळे विद्वान बोलून झाले असतील तर आता औषध पेशंटपर्यंत पोचतं कसं त्याबद्दल बोलू का? कारण श्रेणी बरोबर, ऑर्डर बरोबर, आणि इंजेक्शन शेजारच्या पलंगाला, असं झालं तर काय?

ऑस्ट्रेलियातच, सिडनीतल्या दोन हॉस्पिटलांत, जोहाना वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी ९८ नर्सच्या मागे उभं राहून औषध देताना बघितलं. २०१० चा अभ्यास. निम्म्याहून जास्त वेळा मध्ये कोणीतरी अडवलं होतं. आणि प्रत्येक अडवणुकीमागे चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढत होत्या. कोण अडवतं? सगळेच. फोन, नातेवाईक, राउंडला आलेले डॉक्टर, "सिस्टर एक मिनिट". मी औषध काढत असताना कोणी "एक मिनिट" म्हटलं की मी हातातली ॲम्प्यूल वर करून दाखवायची. बोलायचं काही नाही. शहाणा असेल तो समजायचा.

मग उपाय निघाला, बनियनसारखं जाकीट घालायचं, 'औषध देत आहे, अडवू नका'. त्याचाही त्याच गटाने नीट अभ्यास केला, २०१७ मध्ये आला. अडवणूक कमी झाली खरी. पण नर्स म्हणाल्या जाकीट गैरसोयीचं आहे, उकडतं, घालण्या-काढण्यात वेळ जातो. हे कायमचं धोरण करा म्हणणाऱ्या निम्म्याही नव्हत्या. टेबलामागे बसून उपाय काढले की ते अंगात घालणाऱ्याला उकडतात.

बारकोडचंही तसंच. पेशंटच्या मनगटावरचा पट्टा आणि औषध दोन्ही स्कॅन करा. २०१० मध्ये एका अमेरिकन हॉस्पिटलच्या अभ्यासात औषध देण्यातल्या चुका (वेळेच्या सोडून) ११.५ टक्क्यांवरून ६.८ वर आल्या. झकास. पण त्याआधी दोन वर्षं दुसऱ्या एका अभ्यासाने या पद्धतीला नर्सनी काढलेल्या पळवाटांचे १५ प्रकार मोजले होते. पेशंटच्या पट्ट्याची जादा प्रत काढून दाराच्या चौकटीला चिकटवायची, ट्रॉलीला चिकटवायची, आणि तिथूनच स्कॅन करायचं. ऐकून लोक म्हणतात, किती बेजबाबदार! तुम्ही रात्री झोपलेल्या माणसाचा उशीखालचा हात शोधा, पट्टा भिजून पुसलेला, स्कॅनरची बॅटरी संपलेली, आणि पुढे आणखी पलंग. त्या अभ्यासानेही ३१ कारणं दिली होती आणि त्यातली बरीचशी यंत्राची आणि व्यवस्थेची होती.

माझं म्हणणं एवढंच. चूक कुठे झाली हे सांगणाऱ्या नर्सला मेमो मिळाला की पुढच्या वेळी ती सांगत नाही. मग संशोधन करायचं कशावर? कोऱ्या रजिस्टरवर?

---

वाटसरू

इन्चार्ज मॅडम, ॲम्प्यूल वर करणं भारी. मी त्या रात्री नेमका असाच 'एक मिनिट' करत होतो, हे आत्ता लक्षात आलं. पण मग नातेवाइकाने विचारायचं कधी?

अवांतर: गाणी ऐकवल्याने दुखणं कमी होतं असं वाचलं होतं. खरंय की व्हॉट्सअ‍ॅपज्ञान?

---

रात्रपाळी

औषधाची ट्रॉली सोडून बाकी कधीही विचारा. ठराविक वेळाने फेरी असेल तर उत्तम. २००६ च्या एका अमेरिकन अभ्यासात नर्सनी दर एक-दोन तासांनी ठरवून फेरी मारली आणि दुखणं, संडास-लघवी, कूस, हाताशी लागणाऱ्या वस्तू एवढंच विचारलं. घंटा वाजणं कमी झालं, पडण्याचे प्रसंगही कमी झाले. लोक पलंगावरून पडतात ते बऱ्याचदा बाथरूमला एकटे जायला निघाल्यामुळे. आणि औषधाने पेंगत असलेला माणूस एकटा उठला तर तो पडणारच, तेव्हा हाही पुन्हा त्याच विषयाचा भाग.

गाण्यांचं खरं आहे. २०१५ मध्ये ७३ चाचण्या एकत्र करून बघितल्या, ऑपरेशननंतरचं दुखणं, काळजी आणि वेदनाशामकाची गरज तिन्ही कमी. औषधाला पर्याय म्हणून नव्हे, जोडीला. इयरफोन लावा, शेजारच्या पलंगाचा विचार करा.

---

तिसरं_वर्ष

मॅडम, मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन शंका. रात्री पेशंट शांत झोपलेला असतो आणि मॉर्फिन चालू असतं. त्याला उठवून गुंगी तपासायची का? सीनियर म्हणतात, झोपू दे बिचाऱ्याला, घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. आणि श्वास मोजायला पूर्ण मिनिट खरंच लागतं का? सगळे १८ नाहीतर २० लिहितात.

---

गॅसवाला

घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, हे वाक्य वॉर्डाच्या भिंतीवर फुली मारून लावा. ओपिऑइड चालू असताना घोरणं म्हणजे श्वासाची वाट अर्धवट अडलेली असू शकते. त्याला उठवायचंच.

---

रात्रपाळी

सरांनी घोरण्याचं सांगितलं. बाकीचं मी सांगते.

खोलीत गेलीस की दिवा लावू नकोस, हात लावू नकोस, हाक मारू नकोस. आधी श्वास मोज, कारण जागा झाला की तो बदलतो. छातीवर नजर, हातात घड्याळ, पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलंस तर नेमकं तेच निसटतं जे शोधायचंय: दोन-तीन उथळ श्वास, मग मोठा खंड, मग एकदा घोरणं. गुणाकारात ते सोळा होऊ शकतात. चार्टवर ओळीने १८, २०, १८, २० दिसले की मी विद्यार्थ्यांना विचारते, याच्यात घड्याळ कुठे होतं?

श्वास नियमित, खोल, आवाज नाही, मॉनिटर ठीक, पंपावर गेलेले डोस आधीच्या तासांइतकेच, आणि तो तुझ्या चाहुलीने किंवा हलक्या हाकेने कूस बदलतो, "हं" म्हणतो, तर तो 'एस'. झोपू दे. यातलं एक जरी वेगळं वाटलं तर पूर्ण जागं कर आणि एक पूर्ण वाक्य बोलायला लाव. "हो-नाही"वर सोडू नकोस. "संध्याकाळी भेटायला कोण आलं होतं?" विचार. वाक्य पुरं केलं तर दोन. मधेच डोळे मिटले तर तीन, मग पंप थांबव आणि फोन कर.

पहिल्या रात्री, आणि डोस वाढवल्यानंतर किंवा नवीन झोपेचं औषध जोडल्यानंतर, शंका नसली तरी जागं करावं असं माझं मत आहे. पेशंट कुरकुरतो. त्याला संध्याकाळीच सांगून ठेवायचं की रात्री उठवणार आहे आणि का उठवणार आहे.

सीनियर रागावल्या तर वाद घालू नकोस. मोजलेला आकडा, गुंगीची पातळी आणि वेळ लिहून त्यांच्यासमोर ठेव. आणि आकड्यात काही नसूनही "काहीतरी बिनसलंय" असं वाटत असेल तर तेही सांग. नेदरलँड्समध्ये नर्सच्या याच 'काळजी वाटतेय'चा अभ्यास करून त्याची श्रेणी बनवली आहे, कारण व्हायटल्स बिघडायच्या आधी बऱ्याचदा ती काळजी वाटलेली असते. फोनवर सांगताना मात्र नुसतं "बरा दिसत नाही" म्हणू नकोस. "श्वास ९, घोरतोय, हाक मारल्यावर दोन शब्द बोलून झोपतोय, शेवटचा डोस अमुक वाजता, तुम्ही येऊन बघा" असं सांग, आणि कधी येताय ते विचारूनच फोन ठेव.